चिकाच्या बाटल्या घेऊन सांगलीला

प्रवासवर्णन लिहिणारे लोक काश्मीरला जातात, निदान कन्याकुमारीला तरी जातात. मी साताऱ्याहून कोरेगावला आणि तिथून सांगलीला गेलो, तेही एस.टी.ने. माझ्या प्रवासात बर्फ नाही आणि समुद्रही नाही. पण झाडांचा चीक बाटल्यांत भरून हा प्रवास आमच्या कॉलेजातल्या दुसऱ्या कोणी केलेला नसावा, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. काही चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

सन चौऱ्याहत्तरचा जानेवारी होता. कॉलेजात गॅदरिंग चालू होते. मी नाटकात नव्हतो, गाण्यात नव्हतो आणि फिशपाँड पडावा इतका कोणाला माहीतही नव्हतो. आमचे साठे सर मला प्रयोगशाळेत बोलावून म्हणाले, "तू मोकळाच दिसतोस. एक काम कर."

काम असे होते. काही झाडांच्या चिकात प्रथिने पचवणारे एन्झाइम असते. आपले पोट मांसाचे किंवा अंड्याचे जे करते, तेच हा चीक पोटाबाहेर करतो. मी भीत भीत विचारले, "सर, झाडाला खायचेच नाही, तर पचवायचे कशाला?" सर म्हणाले, "कीड पान चावते तेव्हा तो चीक किडीच्या पोटात जातो. पुढे काय होत असेल, ते तूच विचार कर." त्या रात्री मला जेवण नीट गेले नाही.

चीक पचवतो की नाही हे पाहायची सरांची युक्ती सोपी होती. फोटोच्या फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातले प्रथिन. फोटोचा काळा रंग त्या थरातच असतो. थरावर चिकाचा थेंब ठेवायचा. थर पचला तर काळा रंग सुटून येतो आणि खाली नुसती पारदर्शक फिल्म उरते. सरांनी मला इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या, ड्रॉपर, नवे ब्लेड आणि एक कोरा तक्ता दिला. "वाटेत मिळेल तो चीक घे. सांगलीत एखाद्या स्टुडिओत खराब निगेटिव्ह माग. दिसेल तसे लिहून आण. पण लोखंडाच्या भांड्यात काही ठेवू नकोस, चीक बिघडतो."

कोरेगाव

आमचे गाव कोरेगावच्या अलीकडे दोन मैलांवर आहे. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मी बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या तेव्हा आई आदराने गप्प राहिली. पण मी बांधावरच्या रुईचे पान तोडून बाटली खाली धरली, तेव्हा तिला राहवले नाही.

"तीन वरसं शिकून रुईचा चीक काढायला लावला व्हय रं? शेरडं राखताना फुकट काढत हुतास की."

"आई, हा प्रयोग आहे."

"आसंल. डोळ्याला हात लावू नगंस म्हंजी झालं."

पायात काटा मोडला की आमच्याकडे त्यावर रुईचा चीक लावतात आणि दुसऱ्या दिवशी काटा वर येतो. मी लहानपणी दहा वेळा लावला असेन. पण आत काही पचत असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

दुपारी ओढ्याकाठच्या उंबराला गेलो. ब्लेड टेकवणार, तोच शेजारच्या शेतातून तुकानानांची हाक आली. नाना ऐंशीच्या घरात आहेत, पण आवाज अजून पलीकडच्या शिवारात जातो.

"कोन रं त्यो? आज वार कंचा?"

"गुरुवार, नाना."

"मग? दत्ताच्या वारी दत्ताच्या झाडाला बलेड लावतुयास? कॉलेजात ह्येच शिकिवत्यात?"

मी ब्लेड खिशात घातले. माझा देवावर किती विश्वास आहे हे मला अजून नक्की ठरवता आलेले नाही, पण तुकानानांवर आहे. नानांनी मला झाडाला पाण्याची कळशी घालायला लावली. शुक्रवारी सकाळी पाहतो तो नाना माझ्याआधीच उंबराखाली हजर. बाटली त्यांनीच धरली. "गालफुगीवर आमी ह्योच लावतो," ते म्हणाले. "तुझ्या मास्तरला सांग, सुजबी पचिवतो." तक्त्यात 'गुरुवारी का नाही' असा रकाना नव्हता, म्हणून ही गोष्ट इथे लिहीत आहे.

माधवनगर

एस.टी.च्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही. रुईच्या बाटलीचे बूच एकदा उडाले, पण शेजारच्या पाव्हण्यांचे धोतर आधीच मळलेले होते.

माधवनगरला माझी मावशी राहते. मिलच्या पलीकडे त्यांचा मळा आहे. आमच्या गावी सूर्यावर दिवस चालतो, इथे मिलच्या भोंग्यावर. भोंगा झाला की मावशी भाकरी टाकते, म्हशीसुद्धा भोंग्याला उठतात. मावशीचे यजमान म्हणजे माझे काका. सगळे त्यांना हवालदारच म्हणतात. आठ वर्षांपूर्वी पलटणीतून पेन्शनवर आले, तेव्हापासून त्यांनी पपई लावली आहे. झाडे दोरी लावून एका ओळीत. एक झाड थोडे पुढे वाढले आहे, त्याच्यावर काकांचा राग आहे.

शनिवारी पहाटे त्यांनी मला उठवले. पपईचा चीक सकाळी चांगला पडतो. हिरव्या कच्च्या फळावर वरून खाली चार बारीक रेघा मारल्या की दुधासारखे थेंब गळू लागतात. काकांनी खाली धरायला लोखंडी घमेले आणले.

"काका, लोखंड चालत नाही."

"का? तोफा चालत्यात, घमेलं न्हाई चालत?"

शेवटी मावशीने चिनीमातीची बशी दिली. चीक धरता धरता काका म्हणाले, "ह्यात नवीन काय हाय, सदाशिव? लंगरमदी म्हातारा बोकड आला की आमी कच्ची पपई चोळायचो. साहेब म्हनायचा, वा हवालदार, क्या कोकरू है!" साठे सरांनी जे मला अर्धा तास समजावले, ते काकांना पलटणीच्या स्वयंपाकघरातून आधीच माहीत होते. मी तसे म्हटल्यावर काका खूश झाले आणि त्यांनी स्वतःला माझ्या प्रयोगावर नेमून घेतले.

न्याहारीला भाकरी आणि खर्डा होता. पहिला घास घेतला आणि मी ओरडलो. चिकाने माझ्या बोटांची वरची कातडी गुळगुळीत करून टाकली होती आणि मिरची थेट आत पोचली. मावसबहीण शालन हसून हसून चुलीपाशी बसली. "दादा, तुला सोतालाच पचिवलं की रं!"

शालनचे लग्न फाल्गुनात ठरले होते. आणि त्या दिवशी काका माझ्याबरोबर सांगलीला निघाले, ते तिच्याच एका कामासाठी. तिचे सासर फौजी. सोप्यातल्या भिंतीवर सासरे, चुलत सासरे, दोन दीर, सगळ्यांचे वर्दीतले फोटो ओळीने लावलेले. सुपारी फोडायला काका गेले, तेव्हापासून ती भिंत त्यांच्या डोक्यातून जात नव्हती.

"माझी लेक तिथं जल्मभर भाकऱ्या थापनार," ते मला म्हणाले, "आन् भिंतीवर समदी त्येंचीच मान्सं? तिच्याकडनं एक तरी मानूस पायजे का नगं?"

काकांचा वर्दीतला, छातीवर बिल्ले लावलेला एकच फोटो होता. पेन्शनवर येताना छावणीत काढलेला. तो वाळवीने खाल्ला. निगेटिव्ह तेवढी ट्रंकेत राहिली होती. तिच्यावरून मोठा फोटो करून शालनबरोबर द्यायचा होता. नवीन काढता आला नसता, कारण कोटाची बटणे आणि काज यांच्यात आता वीतभर अंतर पडले होते. मावशी म्हणाली, "कोट त्योच हाय. हवालदार वाढल्यात."

ती निगेटिव्ह काळ्या कागदात बांधलेली होती आणि आठ वर्षांत काकांनी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. उजेड लागला की फोटो उडून जातो, अशी त्यांची पक्की समजूत होती.

सांगली

जानेवारीत सांगलीला हळदीचा वास येतो. पेठेतले हमाल, पोती, बैलांची शिंगे, सगळे पिवळे. मला वाटले, इथे जन्मभर रोज लग्नाची हळद असल्यासारखे वाटत असेल. काका म्हणाले, "तसं न्हाई, शिंका येत्यात."

स्टुडिओचे मालक आठल्ये म्हणून एक हसरे गृहस्थ होते. काकांनी पुडके त्यांच्या हातात दिले. आठल्ये कागद सोडू लागताच काका ओरडले, "आवं सायेब, हितं नगा उघडू! उजीड हाय!"

"हवालदार, एकदा धुतलेल्या फिल्मला उजेडाचं काही वाटत नाही."

पण काकांना ते बघवेना. त्यांनी भिंतीकडे तोंड केले आणि तसेच पाठमोरे बाहेर पडून चहाला गेले. आठल्यांनी निगेटिव्ह खिडकीशी धरून पाहिली, "सुरेख आहे," म्हणाले आणि काचेच्या टेबलावर ठेवली. मग माझे काम ऐकून त्यांनी एक पत्र्याची पेटी दिली. "यातलं काय हवं ते घे. हललेली लग्नं आहेत, डोळे मिटलेले नवरे आहेत. मी जेवून येतो, तोवर बस." आणि ते गेले.

मी पेटी टेबलावर पालथी केली. टेबलावर आधीच एक निगेटिव्ह आहे, हे माझ्या लक्षात असायला हवे होते. मी कारण सांगतो, पण ते पुरेसे नाही हे मला कळते. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या निगेटिव्ह पाहून मी गोंधळलो होतो. काळ्या तोंडाच्या नवऱ्या, पांढऱ्या केसांच्या मुली, काळे दात.

काका भडंगाची पुडी घेऊन परत आले आणि ढिगाकडे पाहून म्हणाले, "समदी भुतावळच हाय की."

"काका, मोठी फिल्म हवी. काळा भाग भरपूर असलेली."

काकांनी ढिगात हात घातला आणि एकेक उजेडाला धरून पाहू लागले. ही बारकी, ही फाटकी. मग एक पोस्टकार्डाच्या निम्म्याएवढी फिल्म निघाली.

"ह्यो बघ. काळा ठिक्कर म्हातारा. पांढऱ्या मिशा, डोक्याला पांढरी टोपी." त्यांनी डोळे बारीक केले. "छातीवर बिल्लं लावल्यात. पुढारी हाय कुनीतरी."

मीही पाहिले. पुढारीच वाटला.

"मागल्या विलेक्शनला हात जोडून जाऊन आठ दिसांत आमाला इसरला त्यो ह्योच आसनार," काका म्हणाले. "घाल त्येच्या थोबाडावर पपई!"

मी तक्ता काढला. मागच्या काळ्या पडद्यावर एका बाजूला रुई, दुसऱ्या बाजूला नुसते पाणी. खांद्यावर उंबर. तोंडावर पपई. शिवाय सरांनी सांगितल्याप्रमाणे सकाळी मावशीच्या चुलीवर चांगला उकळून आणलेला पपईचा चीक होता. उकळल्यावर एन्झाइम मरते की नाही, हे पाहायला. तो ठेवायला जागा उरली छातीवरच्या बिल्ल्यांची. फिल्म उन्हात खिडकीत ठेवली. काका मनगटावरच्या घड्याळात बघून दर पाच मिनिटांनी खड्या आवाजात वेळ सांगत होते. रस्त्यावरचे दोन जण थांबून पाहू लागले.

अर्ध्या तासाने मी फिल्म हळूच पाण्यात हलवली. पाण्याचा थेंब होता तिथे काही झाले नव्हते. रुईच्या जागी रंग फिकट झाला होता. उंबराने खांद्याला लहानसे भोक पाडले होते. उकळलेल्या पपईखालचे बिल्ले जसेच्या तसे. आणि तोंड? तोंड नव्हतेच. नाक, डोळे, मिशा सगळे सुटून पाण्यात गेले होते आणि टोपीखाली स्वच्छ खिडकी उरली होती. तिच्यातून मला पलीकडचे पानाचे दुकान दिसत होते.

"पुढारी साफ!" काका म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी तक्त्यात लिहिले : पपई, पूर्ण पचन. अक्षर आनंदाने थोडे वाकडे आले. कॉलेजात जाऊन मी काही केले, असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. ते साधारण पाच मिनिटे टिकले.

आठल्ये बडीशेप चघळत आले. "चला हवालदार, तुमचं काम करू." टेबलाकडे पाहून थांबले. "इथं काचेवर ठेवली होती ती कुठं गेली?"

"तुमी ठिवली आसंल. आमी हात न्हाई लावला."

आठल्यांनी माझ्या हातातली ओली फिल्म घेतली. उजेडाला धरली. काकांकडे पाहिले. परत फिल्मकडे पाहिले. "निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं, हवालदार. पांढऱ्या मिशा म्हणजे काळ्या मिशा." मग हलक्या आवाजात, "हे बिल्ले कोणाचे?"

काकांनी फिल्म हातात घेतली. ते बराच वेळ बिल्ले बघत होते. एकावर बोट टेकवून म्हणाले, "ह्यो पासष्टच्या लढाईचा." मग दुसऱ्या हाताने त्यांनी स्वतःचे नाक चाचपून पाहिले. त्यांना ते कळले नसावे.

शालनचे लग्न, ती भिंत, आठ वर्षे जपलेला काळा कागद, सगळे डोळ्यांपुढे आले. घरातला पहिला शिकलेला मुलगा मी, आणि शिकून मी हे केले. "काका, चूक माझी आहे," मी म्हणालो. "पेटी मी पालथी केली. थेंब मी टाकला."

"पपई घाल म्हनून हुकूम कुनी दिला?"

"तुम्ही."

"मग गप ऱ्हा," काका म्हणाले. पण त्यांचा आवाज पहाटेचा नव्हता. "आता भिंतीला काय लावायचं, सायेब? अशीच छापली तर?"

"तोंडाच्या जागी काळा डाग येईल," आठल्ये म्हणाले आणि विचार करत टेबलाभोवती एक फेरी मारून आले. "छाती शाबूत आहे. बिल्ले शाबूत आहेत. पोट तर फारच सुंदर आहे, ते आता मिळायचं नाही. खांदा मी भरून काढतो. फक्त चेहरा पाहिजे, आणि चेहरा तुम्ही बरोबर आणलाय." त्यांनी काकांना पडद्यापुढे बसवले. नवा चेहरा काढून, कापून, जुन्या टोपीखाली बसवून सगळ्याचा पुन्हा एक फोटो घ्यायचा, असा त्यांचा बेत होता. जुन्या फोटोत काका कुठे बघत होते, हे मात्र आता कोणालाच माहीत नव्हते. काकांनी तीन वेळा मान फिरवून आठवून पाहिले. शेवटी म्हणाले, "म्होरंच बघत आसीन. फौजेत दुसरीकडं कुठं बघनार?"

पुराव्याची फिल्म अर्थातच आठल्यांनी ठेवून घेतली. नंतर साताऱ्यात साठे सरांनी तक्ता वाचून विचारले, "पपईचा नमुना कुठे आहे?" मी सगळे खरे सांगितले. सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मग त्यांनी मला तो तक्ता विज्ञान मंडळात वाचायला लावला आणि उकळलेल्या पपईचे निरीक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे, असे सांगितले. काकांच्या दृष्टीनेही तेच होते.

पुन्हा माधवनगर

नवा फोटो तयार व्हायचा होता, म्हणून मी सोमवारपर्यंत मावशीकडेच राहिलो. काका आणि मी फोटो आणायला गेलो. आठल्यांनी काम इतके सफाईने केले होते की जोड कुठे आहे ते शोधावे लागत होते. पण फोटो चमत्कारिक होता. खाली पलटणीतला सडपातळ, ताठ जवान. वर आजचे काका, गाल भरलेले, डोळ्यांखाली सुरकुत्या, मिशीत बरेच पांढरे केस. पोटाकडे पाहून काका फार खूश झाले. मिशीकडे पाहून त्यांनी तिच्यावर अंगठा धरला. आठल्ये म्हणाले, "ब्रशनं काळी करून देतो. उद्या या, आज बारीक ब्रश नाही."

"उद्या येतो," काका म्हणाले. "लेकीला तवर दाखिवतो."

आम्ही घराकडे निघालो. मला एकच काळजी होती. शालन विचारणार, जुना कुठे गेला, आणि मला सांगावे लागणार.

मावशीने आधी पाहिला. "धड आन् मुंडकं दोन गावचं दिसतंय," ती म्हणाली. काकांनी तिच्याकडे रागाने पाहिले. मग शालन हात पुसत आली. मी एका दमात सगळे सांगून टाकले. पुढारी, पपई, पाणी, सगळे. तिने ऐकले की नाही कोण जाणे. ती फोटो दारातल्या उजेडात धरून बघत होती.

"शालन, पयला लय झाक हुता," काका म्हणाले. एवढा हळू आवाज मी त्यांचा ऐकलेला नव्हता.

"मला ठावं हाय कसा हुता," ती म्हणाली. "वाळवी लागायच्या आधी म्या रोज बघायची. त्यातलं मानूस पेन्शनीच्या आदी वरसातनं एकदा घरला यायचं. म्या चुलीमागं लपायची, आई वढून काडायची आन् म्हनायची, पाया पड, तुजं आबा हायत." तिने फोटोवरून पदर फिरवला. "ह्यो वळखीचा हाय."

काका पुढे होऊन तिच्या खांद्यावरून फोटो पाहू लागले.

शालनने फोटो जवळ घेऊन पुन्हा पाहिला आणि माझ्याकडे वळून विचारले, "दादा, ह्ये मिशीतलं पांढरं तुझ्या पपईनं झालंय, का खरंच हाय?"

"खरंच आहे," मी म्हणालो.

"मग ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि फोटो आपल्या लग्नाच्या ट्रंकेत, नव्या लुगड्यांच्या घडीत ठेवून आली.

मंगळवारी सकाळी मी साताऱ्याची एस.टी. धरली. काका सोडायला स्टँडवर आले होते. सांगलीची गाडी शेजारीच लागली होती आणि कंडक्टर दोनदा ओरडला. काकांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.